सुई ओव, मग गाडी काढ

फोन आला तेव्हा मी लिंबं पिळत होते. संध्याकाळी गावात हळद होती. डीजेवाल्यांनी ट्रॉलीवर स्पीकर चढवायला घेतले होते आणि मी मनातल्या मनात वन्संना बोल लावत होते, की स्वतः नगरला दवाखान्यात जाऊन निजल्या आणि पिंपभर सरबत माझ्या गळ्यात मारलं. थोडा दम लागत होता त्यांना, दोन दिवसांत येते म्हणाल्या होत्या. "साखर बेतानं घाल गं मार्था, मागल्या टायमाला पाक केल्ता," हे त्यांचं निघतानाचं बोलणं. फोनवर माझा मुलगा म्हणाला, "आई, आत्या गेली." "कुठं गेली?" मी विचारलं... खुळ्यासारखं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, उभा जन्म नर्सची नोकरी केली. गाव त्यांना सिस्टरबाई म्हणायचं. निवृत्त होऊन घरी आल्या, पुढं माझा नवरा प्रभूकडे गेला, मुलगा पुण्याला. उरलो दोघी. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचंही पटत नव्हतंच. मी चहा उकळला की त्यांना कच्चा लागायचा, त्यांनी केला की मला काढा. पण भांडायला माणूस तर होतं!

हळदी-वरातींत सरबत घेऊन जायचं हे खूळ त्यांचंच. नोकरीत असताना वरातीतून सरळ टेबलावर आणलेली पोरं त्यांनी पाहिली होती. कुणी पिऊन गाडी ठोकलेला, कुणी नाचून नाचून अंधारात कठडा नसलेल्या विहिरीत गेलेला. एका रविवारी चर्चमधली भक्ती संपल्यावर त्या महिला मंडळापुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "प्रार्थना करायची तर तितं जाऊन करू, जितं पोरं पडत्यात." पाळकसाहेबांनी मान डोलावली. सुरुवातीला बऱ्याच बायका आल्या, मग एकेक जण गुडघे धरून घरी बसली. शेवटी आम्हीच. मी तरी कुठं खुशीनं जात होते? मला मेलीला त्या आवाजानं छातीत धडधड व्हायची.

पहिल्याच वरातीत आमचं चुकलं. सरबताबरोबर आम्ही शुभवर्तमानाची पत्रकं नेली होती. नवरदेवाचा चुलता अंगावर धावून आला, "पोरं बाटवायला आल्या का गं?" मी पिशवी उचलून पळायच्या बेतात. वन्सं जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, पान्यानं कुनी बाटत असतं, तर तुमच्या हिरीचं पानी पिऊन आमी कवाच बाटलो असतो की!" बायका पदरात तोंड घालून हसल्या, तसा तोही वरमला. पण घरी आल्यावर त्यांनी सगळी पत्रकं कपाटात टाकली. पुढं कधी नेली नाहीत. आधी पाणी द्यायचं, कुणी विचारलं तर प्रभूचं नाव सांगायचं, एवढंच.

आणि सुई. मंडपाबाहेर मोटरसायकली लागायच्या तिथं आम्ही सतरंजी टाकून बसायचो. गाडीला हात लावणाऱ्या पोरापुढं वन्सं सुई-दोरा धरायच्या, "सुई ओव, मग गाडी काढ." ओवली तर जा बाबा सुखानं. नाही ओवली तर चावी त्यांच्या कनवटीला. मग सतरंजीवर बसायचं, सरबत प्यायचं, पोटात चार घास घालायचे. ज्याचं घर जवळ, त्याला आम्ही दोघी दोन बाजूंनी धरून पोचवायचो. पोरं चिडायची, शिव्या द्यायची, पण बसायची. एकदा मात्र फजिती झाली. बोअरवाल्याचा योगेश काही केल्या ओवेना. आईची शपथ घेऊन सांगत होता, "थेंब न्हाई घेतला, सिस्टरबाई!" वन्संनी ऐकलं नाही, बसवून ठेवला. दुसऱ्या दिवशी स्वतःच त्याला डोळे तपासायला घेऊन गेल्या. पोराला जवळचं दिसतच नव्हतं! चष्मा लागला. वन्संच्या दफनाच्या दिवशी तोच चष्मा पुसत मागं उभा होता. गावातली कितीतरी पोरं आली होती. आपल्याकडं मूठमाती कशी देतात त्यांना माहीत नव्हतं, एकमेकांचं बघून देत होती.

त्यानंतर मी कुठं गेले नाही. एकटीनं काय जायचं... परवा पलीकडच्या आळीत हळद होती. डीजे सुरू झाला आणि घरात बसवेना. वन्संचा राग आला, खरंच सांगते. गेल्या त्या गेल्या, वर हे लोढणं बांधून गेल्या. गेले सरबत घेऊन.

गावची पोरं ओळखीची, ती गुमान बसली. एक पाहुणा होता, पाथर्डीकडचा, नवरदेवाचा मावसभाऊ. उभं राहता येत नव्हतं आणि गाडी काढत होता. "ए म्हातारे, सरक तिकडं!" वन्सं असत्या तर एका आवाजात खाली बसवला असता. माझ्यात कुठला तो आवाज! काय करावं सुचेना, शेवटी मी गाडीच्या चाकापुढंच फतकल मारून बसले. तो बघतच राहिला. थोडा वेळ शिव्या दिल्या, मग माझ्याशेजारी बसला आणि भडाभडा ओकला. मी पाठ चोळली, तोंड धुवायला लावलं, सरबत पाजलं. डीजे बंद होईस्तोवर पोरगं ताळ्यावर आलं.

मी पिंप उचललं तर त्यानं ते हातातून घेतलं. "मावशी, एकल्याच जानार? चला, सोडतो. गाडी न्हाई, चालतच." इतकी वर्षं आम्ही लोकांची पोरं घरी पोचवली, तुम्ही कशा जाल असं आम्हाला कधी कुणी विचारलं नव्हतं. कशाला विचारतील? दोघी होतो ना.

दारापाशी पिंप टेकवून तो म्हणाला, "घरात कुनी हाय ना, मावशी?"

"हाय की," मी म्हटलं, आणि कुलूप काढलं.