लाल फुल, निळी हाफ

दोन हजार तेवीस साल. माझं वय एकाहत्तर. त्या साली आमच्या समोरच्या रिकाम्या घरात एक माणूस राहायला आला आणि पहिल्याच दिवशी आमच्या फाटकाच्या लोखंडी दांडीवर त्यानं किल्लीनं दोन टोले मारले. टण टण. मी म्हटलं, भिंतीवर बेल लावली आहे, दिसत नाही का? तो म्हणाला, "ते एकदाच वाजते जी. एकदा वाजली म्हणजे गाडी थांबवाची. आपल्याले तर पुढं जाचं आहे." आयुष्यभर लाल गाडीवर कंडक्टर होता. जेवण झालं की ताटाच्या काठावर दोन, चहा संपला की कपावर दोन, बोलणं संपलं की स्वतःच्या गुडघ्यावर दोन. बेसा या वस्तीतल्या आमच्या गल्लीनं आठ दिवसांत त्याचं नाव डबलबेल ठेवलं. खरं नाव लोकांच्या लक्षातही राहिलं नाही.

मी या माणसाचा हेवा केला. सरळच सांगतो, आडून सांगायची मला सवय नाही.

मी भिवापूरकडचा. तिसरीत शाळा सोडली, विटा उचलल्या, मग थापी धरली आणि मिस्त्री झालो. बेसात आणि प्रताप नगरात मिळून किती घरांच्या भिंती माझ्या ओळंब्यानं उभ्या आहेत, ते मोजलं नाही, पण एकही वाकडी नाही. मराठी वाचायला मी भजनाच्या वहीवरून शिकलो. इंग्रजी शिकलो नाही. आमची ही सातवी पास आहे. तिनं दोन-तीनदा शिकवायला घेतलं, पण मी म्हटलं, एबीसीडी येत नव्हती तरी भिंती सरळच आल्या ना? आणि माझी दुसरी मिरवण्याची गोष्ट म्हणजे ढोलकी. शनिवारच्या भजनात तीस वर्षं ढोलकी माझी. दुसऱ्या कोणाच्या मांडीवर ती गेली नाही, जाऊ दिली नाही.

डबलबेलची बायको पूर्वीच गेलेली. मुलगा पुण्याला. एकटा बाप टीव्हीसमोर झोपून राहील म्हणून मुलानं त्याला एक खेळ पाठवला. टीव्हीला जोडायचा एक काळा डबा, आणि प्लास्टिकचा एक ढोल, परातीएवढा, पायावर उभा केलेला. सोबत दोन टिपऱ्या. टीव्हीवर गाणं लागायचं आणि उजवीकडून डावीकडे लाल-निळ्या टिकल्या पळत यायच्या, प्रत्येक टिकलीला नाक-डोळे. लाल टिकली खुणेच्या गोलात आली की ढोलाच्या मधोमध मारायचं, निळी आली की काठावर. धुम आणि टक्. खेळ जपानचा, असं तो सांगायचा.

या माणसानं जन्मात कधी ढोलकीला हात लावला नव्हता. ताल म्हणजे काय विचारलं असतं तर गावाचं नाव समजून त्यानं तिकडचा रस्ता सांगितला असता. पण खेळ त्याला पहिल्याच आठवड्यात आला, कारण तो वाजवत नव्हताच. तो तिकिटं फाडत होता. "लाल म्हणजे फुल, निळी म्हणजे हाफ," तो समजावून सांगायचा. "मोठी लाल आली का नवरा-बायको सोबत, दोन्ही टिपऱ्या माराच्या. अन् हे लांबलचक पिवळी आली का समजाचं शाळेची सहल, फाडतच राहाचं." टिकल्यांची झुंबड उडाली की बघणारे घाबरायचे. हा बसल्या जागी हलायचा नाही. "गर्दीले भ्याचं नाही. दाराशी येऊ द्याचं. पायरीवर पाय ठेवला का फाडाचं." गाणं संपलं की पडद्यावर फुलं उडायची, तोंडवाला ढोल नाचायचा आणि खोलीतले म्हातारे टाळ्या वाजवायचे.

हो, म्हातारे. आमच्या भजनातले.

आधी टाळकरी दोघं त्याच्याकडे जाऊ लागले, मग आमचा पेटीवाला. एका शनिवारी मंदिरात आम्ही चौघंच. त्यातला एक झोपलेला. पेटीशिवाय भजन म्हणजे दाराशिवाय चौकट. मी ढोलकी गुंडाळली, घरी आलो, तर समोरच्या खिडकीतून धुम टक्, धुम धुम टक्, आणि पेटीवाल्याचं हसणं.

"प्लास्टिकले का सूर असते?" मी घरात म्हटलं.

ही भाजी निवडत होती. "सूर नसन. पण भाऊजीचा हात काय चालते वं माय! बाया बी पाहाले जाऊन राहिल्या."

"अन् माझा हात?"

"तुमची ढोलकी ऐकली का मले कणीक भिजवाची आठवण येते."

चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्या वाजवण्याविषयी काढलेला हा पहिला शब्द. मी त्या रात्री जेवलो नाही. भूक होती, पण जेवलो नाही.

दुसऱ्या शनिवारी पेटीवाल्याला ओढून आणायला मी डबलबेलच्या घरी गेलो. खोली गच्च. डबलबेलनं मला पाहिलं आणि लगेच टिपऱ्या पुढे केल्या. "या मिस्त्रीबुवा! खरा वाजवणारा आला, आता आमची सुट्टी."

मी टिपऱ्या घेतल्या नाहीत, तळहातानं वाजवायला बसलो.

"टिपरीनं मारा जी, तळहात दुखन."

"या तळहाताले विटा नाही दुखल्या, तुमचं प्लास्टिक का दुखन?"

गाणं सुरू झालं. मी वाजवलं. असं वाजवलं की भजनात लोक उठून नाचले असते. माझ्या प्रत्येक थापेला पडद्यावर एक निळा इंग्रजी शब्द उमटायचा आणि पुसला जायचा. मी वाजवता वाजवता विचारलं, "काय म्हणून राहिली ते मशीन?"

डबलबेलनं पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाला, "चांगलं म्हणून राहिली."

"दर थापेले?"

"दर थापेले."

पेटीवाला वर पंख्याकडे पाहत होता. कोणी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, थक्क झालेत.

मग मी रोज संध्याकाळी जाऊ लागलो. टिपऱ्यांनी मारायला शिकलो, पण वाजवणं माझं ते माझंच. एक शंका मला होती, ती मी विचारली. "तुम्ही वाजवता तं पिवळा शब्द येते. मी वाजवतो तं निळा. काहून?"

"तुमचा बाज जुना आहे ना," तो म्हणाला. "मशीन ओळखते. जुन्याले निळा."

"अन् मले ते फुलं नाही उडत? ढोल नाही नाचत?"

"तो नाच नवशिक्यायले असते, जी. हुरूप याले पाहिजे म्हणून." आणि गुडघ्यावर टक टक. विषय संपला, गाडी पुढे.

मी ते चहाच्या टपरीवर सांगितलं. बीपी तपासणाऱ्या डॉक्टरांनाही सांगितलं. मशीन जपानची, तिला माझी ना ओळख ना पाळख, तरी दर थापेला चांगलं म्हणते. मनातला हेवा मात्र गेला नाही. माणसं माझ्या वेळी गप्प असायची आणि त्याच्या वेळी टाळ्या वाजवायची. मशीनला कळतं ते या माणसांना कळत नाही, असं मी मनाशी धरून बसलो होतो.

तीन महिने असे गेले. एका रविवारी हिनं कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या आणि गरम ताट घेऊन डबलबेलच्या घरी आली. मी वाजवत होतो. ती माझ्या मागे उभी राहून पाहत होती. गाणं संपायच्या आत तिचा आवाज आला, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा.

"अवो, बी, ए, डी. बॅड लिहून येऊन राहिलं तिथं. वाईट."

मी थांबलो. टिकल्या आपल्या पळत राहिल्या. न मारलेल्या प्रत्येक टिकलीला तोच निळा शब्द.

"चांगलं म्हणते ते," मी म्हटलं.

"चांगल्याले गुड असते. जी, ओ, ओ, डी. भाऊजीच्या टायमाले येते ते." तिनं ताट खाली ठेवलं आणि माझं तोंड पाहून तिचा आवाज खाली आला. "मले का माहीत, तुमाले माहीत नाही म्हणून."

मी डबलबेलकडे पाहिलं. "काहून खोटं बोलला गा?"

त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाला, "गाडीत कोण चढन ते कंडक्टर ठरवते, मिस्त्रीबुवा. मशीन कोण ठरवणारी? तुमचा हात वाईट नाही. तुम्ही जास्तीचं वाजवता. चार पॅसेंजर अन् नऊ तिकिटं फाडता."

"भजनात तेच वाजवाचं असते!"

"मंग? मशीनले कुठं भजन येते? म्हणून मी आपल्या मनानं चांगलं सांगत होतो."

"तीन महिने?"

"तुम्ही रोज येत होते ना."

दुसरा कोणी असता तर हसला असता. मी टिपऱ्या ढोलावर ठेवल्या आणि सांगितलं, या घराची पायरी आता चढणार नाही. सांबारवड्यांना हात न लावता घरी आलो. राग खोटं बोलल्याचा होता, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे राग याचा होता की खोलीतल्या प्रत्येकाला तो शब्द वाचता येत होता. पेटीवाल्यालासुद्धा. सगळ्यांसमोर मी तीन महिने छाती काढून नापास होत होतो. आणि त्या माणसानं माझी दया केली होती. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला चालतो, हे मी कसंबसं गिळलं असतं. त्याचं मनही चांगलं निघावं, हे मला गिळवलं नाही.

पण एक गोष्ट झाली. त्याच्या पुढच्याच शनिवारी मंदिरात आठ माणसं आली. त्याच्या पुढच्या शनिवारी अकरा. पेटीवाला पेटी घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. मी असं वाजवलं की ढोलकीची दोरी तुटायला आली. घरी येऊन हिला म्हटलं, "पाहिलं? शेवटी चामड्याचा आवाज तो चामड्याचा. लोक परत आले माझ्या ढोलकीपायी." तिनं कणीक भिजवायला घेतली. मला वाटलं, तिला पटलं. समोरच्या खिडकीकडे मी मान वर करून पाहायला लागलो. डबलबेल दिसला की तो कपाळाला हात लावायचा. मी फाटकाची कडी तपासायचो.

दिवाळीनंतर त्याचे गुडघे सुजले. जिना चढवेना. मुलगा पुण्याहून गाडी घेऊन त्याला न्यायला आला. गल्लीतली माणसं फाटकाशी जमली, बायांनी डबे करून दिले. मी गच्चीवर होतो. पाण्याची टाकी पाहतो असं सांगून चढलो होतो, टाकी भरलेलीच होती. डबलबेल मुलाच्या खांद्याला धरून गाडीपर्यंत आला. बसण्याआधी त्यानं वर पाहिलं. मी दिसलो. त्यानं गाडीच्या टपावर दोन टोले मारले आणि जरा थांबला.

माझा हात कठड्यावर होता. हा कठडा मीच बांधलेला. दोन बोटं वाजवायचं काम होतं. मी नाही वाजवली. गाडी गेली.

खाली आलो तर आमच्या बैठकीत तो प्लास्टिकचा ढोल पायावर उभा, आणि टीव्हीखाली काळा डबा. त्याच्या मुलानं जोडूनही दिला होता.

"हे कोणं आणलं?"

"भाऊजीनं तुमाले देल्लं," ही म्हणाली. "पुण्याले पोरगा नवीन घेऊन देणार आहे त्यायले. कसं चालू कराचं ते मले शिकवून गेले."

"मले नाही पाहिजे."

"अन् सांगून गेले, मिस्त्रीबुवाले म्हणा शनिवारी नका लावू. शनिवारी गाडी डेपोत. मी बंद ठेवत होतो तसंच ठेवा."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. "शनिवारी बंद ठेवत होता? कधीपासून?"

"तुम्ही रागावून आले तवापासून. दारात उभं राहून एकेकाले मंदिरात धाडत होते. पेटीवाल्याले तर पेटी उचलून देत होते." तिनं ढोलावरची धूळ पदरानं पुसली. "मले सांगू नका म्हणले होते. म्हणून मी त्या दिवशी गप्प बसली."

मी त्या ढोलाकडे पाहत बसलो. अकरा माणसं माझ्या ढोलकीपायी आली नव्हती. त्यानं तिकिटं फाडून माझ्या गाडीत बसवली होती. आणि मी कठड्यावर दोन बोटं वाजवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही ओट्याशी परातीत पीठ चाळत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. चाळीस वर्षं ज्या गोष्टीला नाही म्हटलं ती तोंडातून निघायला वेळ लागला.

"ते बी कसं असते, दाखव वं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, हसली नाही. परातीतल्या पिठात बोटानं बी काढला. मग ए, मग डी. त्याच्याखाली जी, दोन गोल, आणि पुन्हा डी. मी तिच्या अक्षरांवरून माझं बोट फिरवलं. चार-पाचदा फिरवलं. मग हात धुतले आणि तिला टीव्ही लावायला सांगितलं.

टिपऱ्या घेतल्या. एका टिकलीला एकच टोला मारायचा, जास्तीचा नाही, असं स्वतःला बजावलं. लाल फुल, निळी हाफ. बी, ए, डी. वाचला मी. पुन्हा बी, ए, डी. तोही वाचला. तिसरा, चौथा, दहावा. मोठ्यानं वाचत गेलो, बॅड, बॅड. कोणी सांगायची गरज नव्हती. मग एकदा टोला असा पडला की मलाच तो वेगळा लागला, वीट चुन्यावर नीट बसते तसा. पडद्यावर शब्द उमटला. अक्षरं लावायच्या नादात रंग बघायचा राहिला, आणि मी पहिलं अक्षर लावेपर्यंत शब्द पुसला गेला.

"काय होतं वं ते?" मी विचारलं.

ही दारात पिठाच्या हातांनी उभी होती. "चांगलं होतं," ती म्हणाली.

खरं सांगते का, ते मी विचारलं नाही. टिपरीनं ढोलाच्या काठावर दोन टोले दिले, टक टक, आणि तिला म्हटलं, पुढचं गाणं लाव.