डाव्या कानाखालची तीट

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. या ग्रुपवरचे किस्से मी चहा पिता पिता वाचते आणि बऱ्याचदा हसते. आमच्या फोटोच्या धंद्यात "फोटोत मागे कुणीतरी दिसतंय हो" म्हणत येणारं गिऱ्हाईक अधूनमधून असतंच, आणि तो नेहमी पडद्यावरचा डाग निघतो... म्हणून हा अनुभव इतकी वर्षं कुठे लिहिला नाही. पण घडला तो माझ्याच टेबलावर, लख्ख सकाळी. त्यामुळे इलाज नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगळुरूत चामराजपेटला आमचा स्टुडिओ, माझ्या वडिलांनी काढलेला. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. आमच्या कितीतरी पिढ्या इथेच गेल्या, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. फोटो टचिंगमध्ये अण्णांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांची एक पद्धत होती — पोर्ट्रेट पूर्ण झालं की बारीक ब्रशने डाव्या कानाखाली शाईचा एक ठिपका ठेवायचा. तीट! माणूस इतका देखणा केलाय, त्याला नजर लागायला नको. गिऱ्हाइकांना पत्ताही नसायचा. फक्त मला माहीत, कारण प्रिंट वाळत घालायचं काम माझं.

पुढे मी पीसी आणि स्कॅनर घेतला, टचिंग स्क्रीनवर करायला लागले. अण्णा मागे खुर्ची टाकून बसायचे.

"ह्यात तीट कुठं लावायची गं?"

"अण्णा, कॉम्प्युटरला नजर लागत नाही."

"कॉम्प्युटरला नाही गं. माणसाला."

मग दोघंही हसायचो. पुढे अण्णा गेले आणि ती तीटही मागे पडली.

त्यानंतर इंदिरानगरच्या एका जाहिरात एजन्सीची कामं यायला लागली. त्यांच्याकडे सगळा कारभार मॅकवर, म्हणून मीही मॅक घ्यायचं ठरवलं. माझा नवरा श्रीकांत पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला आणि कट्टर विंडोजवाला. "धर्म बदलतेयस तू," म्हणून आठवडाभर चिडवत होता. पण खोकी उचलून स्टुडिओच्या वर आमच्या घरी आणली त्यानेच.

नेमकं त्याच सुमारास सुशीलाअक्का आल्या. पूर्वी आमच्या शेजारी राहायच्या, मुलाला होसकोटेला फॅक्टरीत नोकरी लागल्यापासून तिकडे होत्या. नातवाचं, गुरूचं लग्न ठरलं होतं. आजोबांच्या फोटोला हार घालून मगच कार्याला लागायचं, ही त्यांच्या घरची रीत. आणि त्या फोटोची काच देवघरातल्या धुराने इतकी काळवंडली होती की वर्षानुवर्षं चेहरा धड दिसत नव्हता, म्हणून पुसायला सुनेने तो फ्रेममधून ओढून काढला होता. जुने फोटो काचेला चिकटून बसतात, ते असे ओढायचे नसतात. चेहऱ्याची डावी बाजू कपाळापासून कानापर्यंत काचेबरोबर गेली, आणि काच खरवडताना तीही संपली.

सून शैला स्टुडिओत बसून रडत होती. तो एकच फोटो, तोही अण्णांनीच काढलेला. निगेटिव्ह काचेची होती. तशा काचा आम्ही मागेच धुऊन फ्रेमला वापरल्या होत्या, सगळेच स्टुडिओ तसं करायचे. अक्कांचे यजमान मुलगा पाळण्यात असतानाच वारले. म्हणजे तो चेहरा आठवणारं माणूस उरलं होतं एकच, अक्का. आणि त्यांनाही डोळ्यांसमोर येतो तो फोटोच, असं त्या म्हणाल्या.

"तो पण गेला तर मी कुणाला हार घालू?" एवढंच म्हणाल्या.

मी पीसीवर नेहमीची युक्ती केली. चांगली उजवी बाजू उलटी करून डावीकडे जोडली. सफाईदार काम झालं होतं, माझं मलाच आवडलं. अक्कांनी प्रिंट हातात घेतली आणि परत दिली.

"हे आमचे नव्हेत."

"काय चुकलंय अक्का? भुवई? डोळा?"

"स्वल्प वेगळं होतं गं... सांगता येत नाही."

भुवई बदलली, ओठ बदलले, पुन्हा पुन्हा तेच उत्तर. वर मलाच लहानपणीसारखं पुट्टी, म्हणजे पोरी, म्हणत समजवायच्या, राहू दे पुट्टी, दमलीस तू. मला फार वाईट वाटलं. शेवटी वैतागून डावी बाजू सपाट राखाडी रंगाने भरून टाकली, फाईल फ्लॉपीवर घेतली आणि ठरवलं की आता नव्या मशीनवरच नव्याने सुरुवात करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅक लावून झाला. खिडकीतून ऊन येत होतं, श्रीकांत दाढी करत होता. मी फ्लॉपी टाकली. तिच्यात ती एकच फाईल होती. उघडली... आणि चेहरा पूर्ण होता.

डावी भुवई मधेच तुटलेली, जुन्या जखमेची असावी तशी. डावी पापणी जराशी खाली. ओठाचा डावा कोपरा वर गेलेला, हसू दाबल्यासारखा. आणि कानाखाली — ठिपका.

मी श्रीकांतला हाक मारली. तो अर्ध्या दाढीनिशी आला. "मॅकवर चित्रं उजळ दिसतात. अंधारातलं काहीतरी वर आलं असेल," तो म्हणाला. एरवी हे खरंच आहे. पण मी स्वतः भरलेल्या सपाट राखाडीतून काय वर येणार? त्याने तीच फ्लॉपी पीसीत घातली. तिथे राखाडी. पुन्हा मॅकमध्ये घातली, चेहरा! मग मात्र तो अर्धी दाढी तशीच ठेवून तोंड धुवायला गेला.

मला भीती वाटली का? अजिबात नाही. अण्णा मागे खुर्ची टाकून बसले की जसं वाटायचं तसं वाटलं. फार बरं वाटलं.

प्रिंट घेऊन आम्ही होसकोटेला गेलो. अक्कांनी फोटो पाहिला, आणि डोक्यावरून पदर घेतला. घरात यजमान आल्यावर घेतात तसा.

"सरी, बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हेच ते. भुवई आडावर पडून फुटली होती. तुला कुणी सांगितलं?"

"अण्णांनी," माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांना ते अगदी सरळ वाटलं. शैला आत जाऊन डोळे पुसून आली आणि तिने आम्हाला जेवूनच जायला लावलं.

लग्नाचे फोटो मीच काढले. गुरूला मी पाळण्यातच काय तो पाहिलेला, नंतर तो शिकायला आणि नोकरीला बाहेरगावीच. आजोबांच्या फोटोला हार घालून तो वळला, मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हटलं, हस रे जरा. तो हसला. ओठाचा डावा कोपराच तेवढा वर गेला.

"हा असाच वाकडं हसतो बघा," शैला म्हणाली. "कुणावर गेलाय, कुणालाच कळायचं नाही."

अक्का खुर्चीत बसून एकदा फोटोकडे, एकदा नातवाकडे बघत होत्या. इतकं समाधानी माणूस मी फार कमी वेळा पाहिलंय.

श्रीकांत आजही म्हणतो, फ्लॉपीत काहीतरी गडबड झाली असणार. असेलही. पण गडबडीला फुटलेली भुवई कशी ठाऊक?

परत आल्यावर गुरूचं पोर्ट्रेट मॅकवर घेतलं, मनासारखं टचिंग केलं. सेव्ह करायच्या आधी थांबले, सगळ्यात बारीक ब्रश निवडला, आणि डाव्या कानाखाली एक ठिपका ठेवला. ही तीट मात्र माझ्या हातची.