हिरूशेठची राखण

पहाटे पत्र्याचा डबा बडवून कोणी "हाऽऽ, हाऽऽ" असे ओरडू लागले, तर ते सहन करणे नागरिकाचे कर्तव्य नाही, असे माझे मत आहे. म्हणून आंबिवलीला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तक्रार घेऊन इमारतीमागच्या पाणथळीवर गेलो. बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. गळ्यात सोन्याची जाड साखळी, हातात गोफण.

"हे काय चालले आहे?" मी विचारले.

"ड्युटी," ते म्हणाले. "पगारी हाय, साहेब."

हे हिरूशेठ. त्यांच्या घरची येथे भातशेती होती. तिचा बराचसा भाग इमारतींखाली गेला. "तुमचे बेडरूमान आमचा भात पिकाचा," हे ते मला भेटतील तेव्हा सांगत.

उरलेल्या तुकड्यात बारमाही पाणी असे. मुलगा निलेश याला तेथे भराव टाकून क्रिकेटचे टर्फ करायचे होते. हिरूशेठना पाणीच हवे होते. "सगलाच भरला तर सकाली उठून मी बघू काय? टर्फ?" असे ते मुलाला विचारत. अशा वेळी एक संस्था पुढे आली. जो शेतकरी आपली पाणथळ भरणार नाही, जलपर्णी काढील आणि पक्ष्यांना परत येऊ देईल, त्याला ती दरवर्षी मोबदला देई. बापलेकांत तडजोड झाली. मोबदला मिळेल तोवर पाणी. तो थांबला की दुसऱ्या दिवशी डंपर.

काही महिन्यांनी संस्थेच्या ताई दुर्बीण घेऊन पाहणीस आल्या. पाणी स्वच्छ होते. पक्षी एकही नव्हता.

"काका, पक्षी कुठे आहेत?"

हिरूशेठ छाती पुढे काढून उभे राहिले. "येक पन बसाला दिला नाय!"

"म्हणजे?"

"तुमीच बोललाव ना ताई, पाखरा राखा? राखली!"

शेतकऱ्यांशी सोप्या भाषेत बोलावे, या सद्हेतूने ताईंनी 'पक्षिसंवर्धन' हा शब्द टाळून "पाखरं राखा" असे सांगितले होते. शेतकऱ्याच्या भाषेत पाखरे राखणे म्हणजे पिकावर येणारी पाखरे हाकलणे. हिरूशेठचे बालपण त्यातच गेले होते. दोघांचाही शब्द बरोबर होता. फक्त बगळ्यांची गैरसोय झाली.

निलेश हसून हसून बांधावर बसला. "पप्पा, तुम्ही तर माझंच काम केलंत! एक नंबर!" असे म्हणत त्याने डंपरवाल्याला फोन लावला. हिरूशेठचा चेहरा मी प्रथमच उतरलेला पाहिला. ताईंना दया आली असावी. हिवाळा सरताना पुन्हा येऊ, तोवर मोबदला चालू राहील, असे त्यांनी सांगितले. निलेशने फोन ठेवला.

गोफण बंद झाली, पण पाखरे हिरूशेठना ओळखत होती. ते बांधावर आले की थवा उठे. त्यांनी निलेशची जर्सी घालून पाहिली. एकदा पत्नीचे लुगडे नेसून गेले. बगळे उडाले ते उडालेच. शिवाय वहिनींनी आठवडाभर अबोला धरला.

अखेर एकच उपाय उरला. ज्या पाण्यासाठी हा सारा खटाटोप, तेथे हिरूशेठनी पाऊल टाकायचे नाही. त्यांच्या बंगल्यातून पाणी पाहू गेले तर आमची इमारत आड येई. म्हणून ते रोज सकाळी माझ्या गॅलरीत येऊन बसू लागले. माझ्याच घरात मला सूचना मिळत. "हलू खोका, साहेब. पाखरा पलतील."

हिवाळा सरताना ताई आल्या, तेव्हा पाण्यात टिबुकल्या बुड्या मारत होत्या, काठाला पाणकोंबड्या होत्या आणि बगळे तर निर्लज्जासारखे बांधावर उभे होते. ताईंनी खालून अंगठा वर केला. हिरूशेठनी आनंदाने आरोळी ठोकण्यासाठी तोंड उघडले. मी त्यावर हात दाबून धरला. आमच्यातील जवळीक ती एवढीच.

गेल्या वर्षी ते गेले. दहावा शहाडला, उल्हास नदीच्या काठी झाला. पिंडाला कावळा शिवेना. तो समोरच्या झाडावर बसून सारे पाहत होता. "आईला सांभाळू," कोणी म्हणाले. "नातीचं लगीन जोरात करू," दुसरे म्हणाले. कावळा हलला नाही.

"पप्पांना ओळखतो तो," निलेश पुटपुटला. "घाबरतो."

ऊन चढले. जमलेल्यांना भूक लागली. शेवटी वहिनी कडाडल्या, "बोल ना रं! जल्ला तुजा टर्फ!"

निलेशने हात जोडले. "पप्पा, भराव नाय टाकत. टर्फ नाय करत."

कावळा खाली आला.

कावळ्यास काय समजते, याविषयी मी मत देत नाही. संस्थेशी केलेला करार मुदत संपली की संपतो. साऱ्या गावासमोर कावळ्याला दिलेल्या शब्दाला मुदत नसते. निलेशने भटजींकडे दोनदा चौकशी केली. तशी काही सोय नाही, असे ते म्हणाले.