सर्जेरावाच्या काचेवरची वाफ

फट्ट! तिसरा फ्यूज गेला.

"बास आता," मी ओरडले. "आणखी एक लावलात तर हात मोडीन."

सर्जेरावाने चौथा फ्यूज गुपचूप खिशात टाकला. दुकानाच्या दारात त्याची लाल गाडी उभी होती. दोन सीटची, बैठी, उंची जेमतेम कमरेएवढी. शिवाजी पेठेतली आमची गल्ली मुळातच अरुंद, त्यात समोरच्या तालमीतली सगळी मंडळी ती बघायला बाहेर आलेली. स्पोर्ट्स कार म्हणावी अशी गाडी आणि ती हुपरीच्या माणसाने घराच्या मागच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने बनवलेली! मलाही कौतुक होतं. पण कौतुक केलं की गिऱ्हाईक डोक्यावर बसतं, म्हणून मी ते पोटात ठेवलं.

माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वडिलांचं होतं, आता माझं. सेल्फ, वायरिंग, हॉर्न, लाइट यातच माझा जन्म चाललाय. गिऱ्हाईक मला अक्का म्हणतात आणि माझ्या तोंडाला भितात.

"अक्का, तार एकदम चोख चांदीची हाय," सर्जेराव म्हणाला. त्यांचं घर पैंजणं बनवणारं. त्याने केसासारखी बारीक चांदीची तार ओढून गाडीच्या पुढच्या काचेवर आतून आडव्या ओळीत चिकटवली होती. "चांदीतनं करंट सगळ्यात झ्याक पळतोय, हे शाळेत शिकलोय की मी!"

"तेच दुखणं हाय," मी म्हटलं.

करंट अडला तरच तार तापते. शेगडीच्या कॉइलमध्ये तो अडतो, म्हणून कॉइल लाल होते. चांदीत त्याला अडवायला कुणी नाही. बॅटरीतून निघाला की सुसाट परत बॅटरीत. याला आम्ही शॉर्ट म्हणतो. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेला कच्चा तुकडा. तो आधी जळतो म्हणून बाकीची गाडी वाचते.

पण तार हवीच कशाला होती? तर पहिल्या पावसाळी फेरीत सर्जेराव बायकोला घेऊन गगनबावड्याला निघाला होता. बंद गाडीत दोन माणसांचे श्वास, बाहेर गार पाऊस. फ्रीजमधल्या तांब्यावर पाणी धरतं तशी काचेवर आतून वाफ धरली. समोरचं काही दिसेना, तेव्हा या बहाद्दराने एका हाताने स्टेअरिंग धरलं आणि दुसऱ्या हाताने बायकोच्या नव्या साडीचा पदर ओढून काच पुसली. पदर काळा झाला आणि गाडी उसाच्या फडात गेली. बायको दुधाच्या टेम्पोतून घरी आली. आल्या आल्या म्हणाली, "ती गाडी आन् मी, दोघींतली एकच ह्या घरात ऱ्हाईल."

पुष्कळ मनधरणीनंतर तिने एक संधी दिली होती. पुन्हा एकदा त्याच वाटेने गगनबावड्याच्या घाटात जायचं, भर पावसात. काच धुरकटली तर गाडी भंगारात. सर्जेरावाने देवापुढे शपथ घेऊन कबूल केलं होतं. गरम काचेवर वाफ धरत नाही, म्हणून काच तापवायला ही तार. चार वर्षांचं काम होतं ते. हे सांगताना गडी बोनेटवरून हात फिरवत होता, आणि खरं सांगते, मला भरून आलं.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. एक व्हॅन येऊन उभी राहिली. स्टेअरिंगमागून एक बाई उतरल्या. हुपरीहून माल घेऊन त्या दर आठवड्याला स्वतः व्हॅन चालवत कोल्हापूरला येत. लाल गाडीत बसणार नाही म्हणून आजही मागून वेगळ्या आल्या होत्या.

"ह्या आमच्या राजश्री," सर्जेराव पुटपुटला.

राजश्री वहिनींनी उडालेले फ्यूज बघितले आणि मला विचारलं, "अक्का, भंगारवाल्याचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

तालीमवाले खो खो हसले. मी त्यांना हाकललं, शटर अर्धं ओढलं आणि दोघा नवराबायकोला बसवून एकेक पर्याय सांगितला.

साध्या गाडीत इंजिनचं गरम पाणी एका जाळीतून फिरवतात आणि पंख्याने ती गरम हवा काचेवर मारतात. या गाडीत मागे मोटरसायकलचं इंजिन, वाऱ्यावर गार होणारं. त्यात पाणीच नाही. लायटरच्या सॉकेटला लावायचे छोटे ब्लोअर बाजारात मिळतात. त्याने तळहाताएवढी काच मोकळी होते आणि बॅटरी बसते. मागच्या काचेला लावतात त्या तयार पट्ट्या पुढे लावल्या तर तुरुंगातून रस्ता बघितल्यासारखं वाटतं. आतच तार असलेली काच कंपन्या बनवतात, पण त्यांच्या गाड्यांच्या मापाची. सर्जेरावाचं माप त्याच्या एकट्याचं.

"मग?" सर्जेरावाने विचारलं.

"मग तुमचीच युक्ती. फक्त तार दुसरी. निक्रोमची. शेगडीच्या कॉइलची जात, पण बारीक."

अडचण वॅटची होती. मोटरसायकलची चार्जिंग कॉइल हेडलाइट, वायपर आणि इंजिनलाच पुरता पुरता दमते. उरतं ते एका जुन्या पिवळ्या बल्बाएवढं. तेवढ्यात सगळी काच तापणार नाही. म्हणून ड्रायव्हरच्या पुढ्यापुरती पातळ पारदर्शक शीट घ्यायची, तिच्यावर तारा लावायच्या आणि ती आतून काचेला चिकटवायची. दुसरी अडचण अशी की निक्रोमला साधा डाग धरत नाही. सोल्डर थेंब होऊन घरंगळतं. तारांची टोकं कशात तरी दाबूनच पकडावी लागतात.

मी हे सांगत होते, पण वहिनींचं लक्ष काचेवर होतं. त्यांनी नखाने एक चांदीची तार उचकटली.

"ही कुणी लावली?"

"मीच की," सर्जेराव.

"वाकडी तिकडी! असलं पैंजण पाठवलं तर गिऱ्हाईक तोंडावर मारंल. लोक काय म्हणतील, ह्यांच्या घरात हे असलं काम करत्यात?" त्या गाडीवर चिडल्या होत्या, पण घरातलं वाईट काम त्यांच्याने बघवेना. "ती नवी तार मागवा, माझ्याकडं द्या."

निक्रोम मागवली. ती आली तशा वहिनी चिमटा आणि भिंग घेऊन माझ्या बाकावर बसल्या. सरळ तारेवर समोरच्या गाडीचा लाइट पडला की रेघ चमकते, म्हणून मी प्रत्येक तारेला हलकीशी लाट द्यायला सांगितली. त्यांनी तार सुईवरून फिरवत ती दिली, ती माझ्या नजरेलाही सहज दिसेना. टोकं पकडायला मी तांब्याची पट्टी काढली, तर त्यांनी ती बाजूला सारली आणि पिशवीतून चांदीची पट्टी काढली. ती दुमडून एकेक टोक कडीसारखं तिच्यात दाबलं. चांदी आता बरोबर जागी होती. कडेने करंट बिनअडथळा न्यायला चांदी, मधे तापायला निक्रोम. माझ्या डोक्यात हे आधी यायला हवं होतं, पण त्यांना तसं म्हटलं नाही.

मग चाचणी. समोरच्या टपरीवरून उकळत्या चहाचं पातेलं आणून गाडीत ठेवलं आणि दारं लावली. काच पांढरीफटक. मी स्विच दाबला. मीटरवर करंट मापात. फ्यूज शाबूत. जरा वेळाने आधी बारीक रेघा मोकळ्या झाल्या, मग रेघांमधली जागा, मग ड्रायव्हरपुढची अख्खी चौकट लख्ख! तालमीतून शिट्ट्या पडल्या. सर्जेराव नाचायचाच बाकी होता. चहाही सगळ्यांनी पिऊन टाकला.

घाटात जायच्या दिवशी मला राहवेना. टूल बॉक्स घेऊन मी त्यांच्या मागून माझी गाडी काढली. गगनबावड्यापासून खाली घाटभर पाऊस कोसळत होता, धुकं तर रस्त्यावर उतरलेलं. लाल गाडी मात्र आपल्या लेनमध्ये, एका चालीत. घाटाच्या पायथ्याला चहाच्या टपरीपाशी ती थांबली. सर्जेराव उतरला तो हसतच.

वहिनी उतरल्या त्या कपाळाला आठ्या घालून.

"काय म्हणतीय काच?" मी विचारलं.

"मला कायबी दिसलं न्हाय."

सर्जेरावाचं तोंड उतरलं. कबुली तर काच धुरकटली तर भंगार अशीच होती, आणि डावीकडची निम्मी काच दुधासारखी झाली होती. मी मनातल्या मनात वॅट मोजायला लागले.

"ह्यांच्या पुढं लख्ख, माझ्या पुढं नुसती वाफ," वहिनी म्हणाल्या. "तारा बसवल्या मी, आन् घाट बघायचा ह्यांनी व्हय? किल्ली हिकडं आणा. जाताना मी चालवतो." आमच्याकडच्या बायका 'चालवतो'च म्हणतात.

"म्हंजे भंगार न्हाय?" सर्जेरावाने घाबरत विचारलं.

"भंगारात घालायला माझं हातकाम फुकटचं हाय व्हय? बसा मुकाट."

तो मुकाट बसला. मी पोट धरून हसत होते आणि डोळ्यांत पाणी येत होतं. घाट चढताना लाल गाडी माझ्या पुढे होती. वहिनी झोकात वळणं घेत होत्या. डावीकडच्या सीटवर सर्जेराव स्वतःच्या शर्टाच्या बाहीने काच पुसत होता आणि बाहेर काय दिसतंय ते त्यांनाच विचारत होता.

तेव्हापासून काच तापवायचं काम आलं की मी वॅट नंतर मोजते. आधी विचारते, गाडी चालवणार कोण?