गुलजारभाईंच्या मुठी

शनिवार पेठेतल्या डॉ. आगट्यांच्या दवाखान्यात गुलजार तांबोळी सव्वीस वर्षं कंपाउंडर होते. केसपेपर काढायचे, गोळ्या बांधून द्यायच्या, मलमपट्टी करायची आणि पेशंट फार बोलायला लागला की त्याला आवरायचं. डॉक्टरांना वेळ नसे, म्हणून निम्मे सल्ले खिडकीतून गुलजारभाईच देत. लोक त्यांना अर्धे डॉक्टर म्हणत. ते त्यांना आवडायचं.

सप्टेंबरात पेठेत घरोघर ताप आला, तसा त्यांनाही आला. अंगावर पुरळ उठलं. चार दिवसांत ताप उतरला, सांधे मात्र धरलेलेच राहिले. सकाळी मुठी वळत नसत. शर्टाची बटणं त्यांची बायको सितारा लावून द्यायची. जिना ते कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत उतरायचे.

डॉक्टरांनी त्यांना तपासायच्या टेबलावर एकदाही घेतलं नाही. दोन पेशंटांच्या मधे, उभ्या उभ्या, एक दुखण्याची गोळी हातावर ठेवली आणि विकनेस आहे म्हणाले. पुढच्या महिन्यात वय झालं म्हणाले. डिसेंबरात संधिवाताची रक्ततपासणी करवली. ती नॉर्मल आली तेव्हा कागद सरकवत म्हणाले, "तांबोळी, रक्तात काही नाही. मग डोक्यात असणार. एकदा ठरवा, काम करायचंय की नाही."

बाहेर बाकावर पेशंट बसले होते. सगळ्यांना ऐकू गेलं.

जानेवारीत औषधाची बाटली त्यांच्या हातून निसटून फुटली. डॉक्टरांनी आठ दिवस विश्रांती घ्यायला सांगितली. नवव्या दिवशी ते कामावर गेले, तर त्यांच्या खुर्चीत नवी मुलगी बसलेली. ते डबा तसाच घेऊन घरी परतले.

सितारानं मग त्यांना सरकारी रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी, चैताली त्यांचं नाव, गुलजारभाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि एकेक पेर दाबून पाहिलं. मनगटं पाहिली, घोटे पाहिले. सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो? तापात पुरळ होतं का? तेव्हा आजूबाजूला आणखी कुणाला असं झालं होतं? पाच महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. नव्यानं रक्त तपासलं आणि त्यात चिकुनगुनिया होऊन गेल्याची खूण सापडली.

"काका, ताप गेला, पण सांध्यांची सूज मागे राहिली," त्या म्हणाल्या. "संधिवाताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. औषधानं कमी होईल, वेळ मात्र लागेल."

गुलजारभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण खोटे नव्हतो, एवढंच आधी मनात आलं. आणि त्यामागोमाग आठवली शकू. कोपऱ्यावर हार ओवणारी. ऑक्टोबरात ती चारदा दवाखान्यात आली होती, बोटं धरलीत म्हणत. चौथ्यांदा त्यांनी तिला खिडकीतूनच परत पाठवलं होतं.

आधी ते आगट्यांकडे गेले. डॉक्टरांनी कागद वाचला, "बरं झालं, निदान झालं एकदाचं," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

शकू कोपऱ्यावरच होती, पण पुढ्यात फुलं नव्हती. नारळ आणि उदबत्त्या मांडल्या होत्या. गुलजारभाईंनी तिला सगळं सांगितलं: आजाराचं नाव, रुग्णालय, खोलीचा नंबर. बोलताना ते आपले सुजलेले हात तिच्यापुढे धरून उभे होते.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्ही म्हणाला होतात, बाईला बसून खायची सवय लागलीय," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या नवऱ्यासमोर. तेव्हापासून घरात माझं दुखणं कुणी ऐकलं नाही. तो म्हणतो, कंपाउंडरला कळतं."

त्यांना आठवत होतं. ते बोलले तेव्हा बाकावरची माणसं हसली होती, आणि त्यांनाही बरं वाटलं होतं.

"त्या बाई कुठल्या वारी असतात?" शकूनं विचारलं.

"बुधवारी. मी येतो बरोबर. केसपेपर काढून देतो."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही नका येऊ."