खोक्यातला देव

लग्नानंतर बायकोचा तंबोरा नागपूरहून ट्रकने यायचा होता, तेव्हा सासऱ्यांना अक्कल मीच शिकवली. "खोक्यावर 'नाजूक सामान' लिहू नका, हमाल मुद्दाम आपटतात. 'देवाची मूर्ती' लिहा!" नव्वदच्या दशकात देवाला आपटणारा हमाल आमच्या कोल्हापुरात नव्हता.

खोकं सोडवायला ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेलो आणि बघतो तर काय! देवाला आडवं कसं ठेवायचं, म्हणून हमालांनी खोकं उभं केलं होतं. म्हणजे सगळा भार खालच्या भोपळ्यावर! वर हळदकुंकू, पुढ्यात फोडलेला नारळ.

"उघडा की पावणं, दर्शन घिऊ," म्होरक्या म्हणाला. त्याच्यामागे सात-आठ दांडगे गडी हात जोडून उभे.

मी फळी काढली, गवत उपसलं, भोपळ्यावरून बोटं फिरवली. तडा नव्हता! पण हुश्श म्हणायच्या आत मागून आवाज आला, "ह्यो कुठला देव म्हनायचा?"

"तंबोरा आहे," मी पुटपुटलो. "देव... बायको गायला बसली की येतो."

म्होरक्याने आधी तंबोऱ्याकडे पाहिलं, मग फोडलेल्या नारळाकडे.

"नारळ फोडलाय आमी," म्होरक्या सावकाश म्हणाला. "सांजच्याला समदी येतो घरला. देव आला न्हाय, तर मग तुमच्याकडं बघतो."

संध्याकाळी ते खरंच आले आणि बैठकीत मांडी घालून बसले. बायको गायला लागली. दाराजवळ जीव मुठीत धरून मी ऐकत होतो. तिचं गाणं इतक्या भक्तिभावाने मी आजवर दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही.