खापर आपोआप फुटलं नाही

नानांनी खापराला लाथ मारली. आई समोरच बसली होती.

खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मोठं मातीचं भांडं. त्यावर आमच्याकडे पुरणाचे मांडे भाजतात. आई मांडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठा करते, आणि अलगद खापरावर सोडते. तेव्हाही मांडा तिच्या हातांवरच होता. तापलेलं खापर फुटलं, निखारे उडाले, सगळं तिच्या हातांवर.

एरंडोलजवळचं आमचं गाव. नाना गावातले मोठे बागायतदार. त्यांच्या घरी लग्न असलं की मांडे आईचेच, हे ठरलेलं. पण आई आणि मी प्रार्थनेला जायला लागलो होतो, बाप्तिस्मा घेतला होता, आणि ते कुणीतरी मांडवात नानांच्या कानात घातलं. बस्स. भरल्या मांडवात नाना म्हणाले,

"हिना हातना बठ्ठा मांडा ढोरेसले टाका."

सगळे मांडे गुरांपुढे! आई म्हणाली, निदान हा एवढा भाजू द्या. तेव्हा लाथ.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं कसं झालं. मी सांगितलं. पोलीस आले, त्यांनाही तेच सांगितलं. केस झाली. आईच्या हातांची कातडी आता ताणली जाते, बोटं पूर्ण उघडत नाहीत. भाकर थापता येत नाही तिला, मांडा तर सोडाच. मी रोज तिची वेणी घालते. आणि प्रार्थनेत मी काय मागायचे माहितीय? नानांचे हात. खरंच. प्रभू, त्यांचे हात घे. मग माझीच मला भीती वाटायची.

कोर्टाची तारीख जवळ आली तसे नाना घरी आले. सोबत त्यांची माणसं, आणि आमची प्रार्थना घेणारे पाळक. प्रार्थनेची खोली नानांच्याच भावाची, भाड्याची. पाळक खाली बघत होते. नाना एकदम गोड. चहा घेतला त्यांनी आमच्याकडे! मग म्हणाले,

"तुमना देव सांगस ना, माफ करा म्हनीसन? मंग करी टाका ना अक्का. कोर्टमा इतलंच सांगानं, खापर आपोआप फुटनं."

मागून एकजण हसला. "आजून दुसरा गाल शे ना."

आईने हात पदराखाली घेतले. मग म्हणाली, "नाना, मी तुमले दवाखानामाच माफ करं."

मला वाटलं संपलं. आता आई केसही सोडणार. नाना उठायलाच लागले, पाळकांनी तर डोळे मिटले. आणि मी बोलले. ठरवलं नव्हतं, तोंडातून निघालं.

"नाना, खापर आपोआप फुटनं म्हनतस, तं मंग मायनी तुमले माफ काय करं?"

उठायला लागलेले नाना परत बसले.

नानांचा चेहरा बदलला. तुझी पोरगी जास्त शिकली, असं आईला म्हणाले. मी आईकडे बघितलं, वाटलं ती मला गप्प करेल. तिने पदराखालचे हात बाहेर काढले आणि मांडीवर ठेवले. तसेच, उघडे. म्हणाली, माफ केलं ते केलं, परत घेणार नाही. पण खोटं सांगणार नाही.

त्याच आठवड्यात प्रार्थनेच्या खोलीला कुलूप लागलं. प्रार्थनेतली चारपाच घरं आता आमच्याकडे येत नाहीत, घाबरतात. आम्हाला कामावर कुणी बोलवत नाही. पाळक मला म्हणाले, बाळ, दया दाखव, या खोलीत किती लोकांचा आधार होता. मी त्यांच्यावर ओरडले नाही. रडले. कारण ते खोटं बोलत नव्हते, आधार होताच. पण दया म्हणजे आईच्या हातांना काही झालंच नाही असं म्हणणं असेल, तर ती दया नाही, ते नानांचं काम आहे आणि ते मी करणार नाही.

आईने माफ केलंय. मी नाही केलं अजून. होत नाहीये. कधी होईल माहीत नाही, आणि कुणाच्या दबावाने तर होणारच नाही.

सोमवारी कोर्टात साक्ष आहे. नाना समोर बसलेले असतील. मी त्यांच्याकडे बघून सांगणार, लाथ कुणी मारली ते, नाव घेऊन.